वाईट बातमी सांगायची रीत

इथिओपियाला गेले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. हिंगणघाटच्या आमच्या गल्लीत यावर पुष्कळ चर्चा झाली. लग्न न केलेली बाई, कॉलेजातली बरी चाललेली नोकरी, घरी म्हातारे वडील, आणि ही आफ्रिकेत जाऊन गणित शिकवणार म्हणते, म्हणजे हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं बहुतेकांचं मत पडलं. बाबांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, "जाय. मी काई पळून नाई चाललो. सुटीत येत जाजो."

तीन वर्षं मी सुटीत येत गेले. चौथ्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर बाबा गेले, आणि मी तिथेच होते. त्यांच्या जाण्याची बातमी मला कशी सांगितली गेली आणि पुढे तीच बातमी मला आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या एका घरी कशी न्यावी लागली, त्याची ही हकिकत आहे. परदेशात राहून काय मिळालं, असं लोक विचारतात. पगार, फोटो, कॉफी हे सगळं सांगून झालं की मी त्यांना हे सांगते.

आर्बा मिंच

आर्बा मिंच हे गाव इथिओपियाच्या दक्षिणेला आहे. खाली दोन मोठी तळी, त्यांच्यामधून गेलेली डोंगराची सोंड, आणि उतारावर चढत गेलेली वस्ती. केळी आणि आंबे मुबलक. गावाबाहेर कापसाची शेतं आहेत, हे मात्र मला जायच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर कापसाने गच्च भरलेला ट्रक दिसला आणि मी भर बाजारात एकटीच हसले. एवढे समुद्र ओलांडून शेवटी कापसातच येऊन पडले होते.

जेवणाचीही तीच गत. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाचं परातीएवढं जाळीदार धिरडं. त्यावर शिरो नावाचं कालवण वाढतात, ते थेट आपल्या पिठल्याचं भावंड. बुधवारी आणि शुक्रवारी तिथल्या ख्रिस्ती लोकांचा उपास असतो, मांस-दूध काही चालत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या शाकाहारी बाईची त्या दिवशी चंगळ व्हायची. उरलेल्या दिवशी खाणावळीतला माणूस काळजीने विचारायचा, "मॅडम, तुमचा उपास अजून सुटला नाही का?"

घड्याळाने मात्र फजिती केली. तिथे दिवस उजाडला की घड्याळ सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. पहिला तास 'दोन वाजता' असं मला सांगितलं होतं, म्हणून मी निवांत जेवून दुपारी दोनला वर्गात गेले. मुलं सकाळी आठपासून वाट पाहून केव्हाच निघून गेली होती. या हिशेबाची सवय व्हायला वेळ लागला, पण पुढे तो मला आवडू लागला. आपल्या पंचांगातही तिथी सूर्योदयाचीच धरतात, फक्त आपण मनगटावर ते बांधत नाही.

मी राहत होते त्या अंगणाची मालकीण एमामा अल्माझ. वयस्कर बाईला आपल्याकडे 'माय' म्हणतात तसं तिथे 'एमामा' म्हणतात. साठीची, विधवा, उंच, कमी बोलणारी. पुढच्या घरात ती आणि मागच्या दोन खोल्यांत मी. दुपारी ती दारात बसून चातीवर सूत काढायची. माझ्या बाबांनी उभा जन्म हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात घालवला होता. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना तिचं सूत दाखवलं, तर चष्मा पुसून ते म्हणाले, "मोबाइल जवळ घे. अजून जवळ." बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाईचा हात साफ हाय."

हे मी अल्माझला सांगितलं तेव्हा ती खांद्यावरच्या पांढऱ्या ओढणीआड हसली. तेव्हापासून रविवारी बाबांचा कॉल आला की तीही माझ्याशेजारी येऊन उभी राहायची. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. बाबा हात जोडायचे, ती कमरेत वाकायची, आणि दोघं समाधानाने आपापल्या कामाला लागायचे.

बाबा गेले त्या आठवड्यात माझा फोन लागत नव्हता. असं अधूनमधून व्हायचं, म्हणून मी माझ्या भावाला, विलासला, तेस्फायेचा नंबर देऊन ठेवला होता. तेस्फाये माझ्याच विभागात शिकवणारा तरुण, इंग्रजी चांगलं, घर पलीकडच्या गल्लीत. त्याला विलासचा फोन आला हे मला माहीत नव्हतं. मला इतकंच दिसलं की संध्याकाळी अल्माझ माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, आज जेवायला माझ्याकडे.

जेवताना तिने इंजेराचा घास करून माझ्या तोंडात घातला. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरानवरी भरवतात, तसा तिथे कोणीही कोणालाही प्रेमाने घास भरवतो. पण एरवी एका घासावर थांबणारी अल्माझ त्या दिवशी थांबेना. नंतर तिने कॉफीचे दाणे भाजले, कुटले, मातीच्या काळ्या सुरईत कॉफी उकळली. तिथे कॉफी तीनदा ओततात आणि तिसरा पेला घेतल्याशिवाय उठणं बरं दिसत नाही. मी एरवी पेपर तपासायचे आहेत म्हणून दुसऱ्यावरच सटकायची. त्या संध्याकाळी तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिसरा पेला संपेपर्यंत उचलला नाही. एवढी कॉफी पिऊनही मला गाढ झोप लागली.

पहाटे दार वाजलं. उघडलं तर अंगण माणसांनी भरलेलं. कॉलेजातले सहकारी, शेजारच्या बाया, कोपऱ्यावरचा दुकानदार, माझे काही विद्यार्थी. सगळे गप्प. तिथल्या त्या पांढऱ्या ओढणीला रंगीत काठ असतो. त्या ओढणीला नेतेला म्हणतात. एरवी काठ खाली सोडतात, दुःखात तो वर, चेहऱ्याशी घेतात. वर घेतलेले काठ पाहून मला कळलं की कोणीतरी गेलं आहे. माझं कोणी असेल हे डोक्यातही आलं नाही. मी गर्दीत अल्माझला शोधू लागले, तिचं कोण गेलं म्हणून. ती सर्वांच्या पुढे उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती.

तेस्फाये म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील काल गेले. आम्ही सगळे आलो आहोत."

त्यानंतर त्या बाया मोठ्याने रडू लागल्या. ज्यांनी बाबांना कधी पाहिलं नव्हतं, त्याही. मी अल्माझच्या खांद्यावर होते एवढं आठवतं, आणि तिच्या नेतेलाला भाजलेल्या कॉफीचा वास येत होता.

दुपारपर्यंत मला राग आला. मी तेस्फायेला विचारलं, "तुला कधी कळलं?" तो म्हणाला, "काल संध्याकाळी." मग काल का नाही सांगितलं, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं. हिंगणघाटला तोवर बाबांना अग्नी देऊन झाला होता. मी त्याच क्षणी निघाले असते तरी पोचले नसते, हे मला कळत होतं, तरी राग येत होता.

तेस्फायेने वाईट वाटून घेतलं नाही. वर्गात मी अवघड गणित समजावते तसं त्याने मला सावकाश समजावलं. या सांगण्याला मेर्दो म्हणतात. मरणाची बातमी संध्याकाळी देत नाहीत, फोनवर देत नाहीत, एकट्याने जाऊन देत नाहीत. त्या माणसाला आधी पोटभर जेवू घालतात, झोपू देतात. मग उजाडता उजाडता त्याची सगळी माणसं मिळून त्याच्या दारात जातात. "काल सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर रात्रभर तुम्ही एकट्या असता. आता तुमच्यापुढे सगळा दिवस आहे आणि आम्ही आहोत."

मला अल्माझने गुडघ्यावर ठेवलेला हात आठवला आणि राग तिथेच ओसरला.

मयतीला मदत करणारं तिथे गल्लीगल्लीत मंडळ असतं. मी त्याची सभासद नव्हते, तरी त्यांनी अंगणात तंबू ठोकला, बाकं मांडली. तीन दिवस माणसं येऊन बसत होती. उकडलेले गहू आणि हरभरे वाटत होते. आपण ज्याला घुगऱ्या म्हणतो तेच ते, तिथे ते दुःखाच्या घरचं खाणं. आपल्याकडेही सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकर आणून देतात. मी परक्या देशात होते, घरात मी एकटी, आणि शेजारचं जेवण मात्र चुकलं नाही. माझे विद्यार्थी रांगेने येऊन बसत आणि त्यांच्यातली एक मुलगी रोज विचारायची, "मॅडम, वडिलांबद्दल काही सांगा." मी जिनिंगच्या गोष्टी सांगायची. बाबा बोटांत कापसाचा पुंजका ओढून धागा किती लांब निघेल ते सांगायचे, हे सांगितलं तेव्हा अल्माझने तेस्फायेकडून पुन्हा एकदा समजून घेतलं आणि मान हलवली.

निघायच्या दिवशी तिने मला एक नेतेला दिला. सूत तिने कातलेलं, विणून घेतला होता गावातल्या विणकराकडून. ती म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या घरातली जी सर्वांत मोठी बाई असेल, तिच्यासाठी." मी तो हातातल्या पिशवीत घेतला, सामानात टाकला नाही. तेच बरं झालं, कारण सामानातली तिखटाची पुडी मुंबईपर्यंत फुटून माझ्या सगळ्या साड्या लालभडक झाल्या होत्या.

हिंगणघाट

बाबांच्या घरातली सर्वांत मोठी बाई म्हणजे सरूआत्या, बाबांची थोरली बहीण. बाबा दूधपिते असताना त्यांची आई गेली आणि सरूआत्याने त्यांना कडेवर वाढवलं; ती त्यांना शेवटपर्यंत 'नामा'च म्हणायची. आता ती पंच्याऐंशीच्या घरात, गिरडच्या अलीकडच्या एका खेड्यात तिच्या मुलाकडे, प्रकाशदादाकडे राहते. घरी पोचल्यावर थोडं सावरून मी विलासला विचारलं, "आत्या कुठे निजली आहे?"

विलासने खाली पाहिलं. "ते नाई आली. तिले सांगितलंच नाई."

"म्हणजे?"

"तिच्या छातीचं दुखणं माहीत हाय ना तुले? डॉक्टरनं ताण देऊ नका म्हटलं. सांगून तिले मारतो का?"

"पण ती फोन करत असेल."

"रोज करते. मी सांगतो, बाबा झोपले हाय. कवा सांगतो, तपासाले नेलं. निभावून राह्यलो कसंतरी. तेरवी होऊ दे, मंग थोडं थोडं करून सांगू."

मला विलासला दोष देता येईना. बाबांच्या ऐनवेळच्या दवाखान्यापासून अग्नीपर्यंत सगळं त्यानेच निभावलं होतं, आणि आत्यावर त्याचा माझ्याइतकाच जीव. शिवाय आपल्याकडे हीच पद्धत आहे. माणूस गेला तरी 'सिरीयस हाय, निघून या' असं फोनवर सांगतात, आणि येणारा फाट्यावर उतरून गल्लीत शिरला की अंगणातल्या खुर्च्या पाहून समजून घेतो. हेतू चांगलाच असतो, त्याला वाटेत धक्का बसू नये हा. पण त्या गल्लीतून तो एकटाच चालत येतो.

दोन दिवस मी गप्प राहिले. मग तेरवीची पत्रिका कोणीतरी मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली, आणि मला भीती वाटू लागली. गावात कोणीही आत्याला वाटेत गाठून "लय वाईट झालं" म्हणालं असतं. मी विलासला म्हटलं, "आपण जाऊन सांगू. मला तिथे सांगितलं तसं." आणि त्याला सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुयी गोष्ट वेगळी होती. तू तब्येतीनं धडधाकट. तिले तिथंच काई झालं त जिम्मेदारी कोन घेईन?"

"मी घेईन," मी म्हटलं खरं. खरंच काही झालं असतं तर मी बाबांच्या पाठोपाठ आत्यालाही घालवलं, हे मला आयुष्यभर पुरलं असतं. तिथल्या रीतीवर माझा विश्वास होता. पण ती रीत तिथल्या माणसांची होती, आणि आमची आत्या गिरडकडची.

शेवटी प्रकाशदादाने कौल दिला. तो फोनवर म्हणाला, "या तुमी. मले आता तिच्यापुढं खोटं नाई बोलवत." गावच्या डॉक्टरांना त्याने सांगून ठेवलं. मी त्याला एकच काम सांगितलं. आदल्या संध्याकाळी आत्याला तिच्या आवडीचं पोटभर जेवू घाल, आणि ती झोपेपर्यंत जवळ बस.

गिरडच्या वाटेवर

आम्ही अंधारातच निघालो. जामवरून समुद्रपूर आणि पुढे गिरडचा रस्ता. थंडी चांगली पडली होती. समुद्रपूर सोडल्यावर पूर्वेला फटफटू लागलं आणि दोन्हीकडची शेतं दिसायला लागली. पहिली वेचणी होऊन गेलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, फुलावर आलेली तूर, मधे हरभऱ्याचे हिरवे तुकडे. दूरवर गिरडची टेकडी दिसली तेव्हा विलासने सवयीने दर्ग्याच्या दिशेने हात जोडले. आम्ही लहान असताना बाबा आम्हाला तिथे न्यायचे, आणि परतताना आत्याकडे मुक्काम असायचा.

फाट्यावर प्रकाशदादा उभा होता. त्याच्यामागे त्याच्या गल्लीतल्या बाया आणि काही गडी माणसं, डोक्यावरून पदर आणि शाली घेऊन. असं पहाटे जमून सांगायला जायचं त्यांना नवंच होतं. एक बाई मला म्हणाली, "बाई, आमाले का बोला लागते थे सांगा." मी म्हटलं, काहीच बोलू नका, नुसत्या सोबत चला.

"काल जेवली का आत्या?" मी दादाला विचारलं.

"वांग्याचं भरीत केलं होतं. दोनदा मांगून घेतलं. म्हणे, आज काऊन रे एवढा लाड करून राह्यला?"

आम्ही सगळे त्याच्या अंगणात शिरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. सरूआत्या उठलेली होती. अंगणात चुलीवर पाणी तापत होतं आणि ती त्याच्यापुढे पाटावर बसून काटक्या सारत होती. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली. मला पाहिलं, विलासला पाहिलं, मागच्या बायांकडे पाहिलं. विलासचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता. मी पुढे जाऊन तिच्यापाशी खाली बसले आणि तिचा हात धरला. वाटेत जमवलेली सगळी वाक्यं विसरून मी इतकंच म्हटलं, "आत्या, बाबा गेले. आम्ही सगळे आलो आहोत."

आत्याने हातातली काटकी चुलीत सारली.

"आले का बाप्पा तुमी," ती म्हणाली. "कवाची वाट पाहून राह्यली होती."

विलास तिच्यासमोर येऊन बसला. "आत्या, तुले माहीत होतं?"

"नामा मले दर गुरुवारी फोन करे. दोन गुरुवार गेले. जित्ता असता त त्यानं गुरुवार चुकवला असता का?"

"मग आम्हाला विचारलं का नाहीस?" मी म्हटलं.

"विचारत होती ना रोज. तुमी म्हना, झोपला हाय. तुमी सारे तो हाय म्हनून बोलून राह्यले, त मी रडू कशी? हा प्रकाश ताटावर माह्या तोंडाकडं पाहे, म्हनून मी जेवत होती. काल भरीत केलं तवा मी समजली, आता हा मले सांगते." तिने मागे उभ्या असलेल्या बायांकडे पाहिलं. "या वो. बसा ना. उभ्या काऊन?"

बाया येऊन तिच्याभोवती बसल्या. मग आत्या रडली. इतके दिवस दाबून ठेवलेलं ते रडणं होतं. तिचा आवाज चढला तशा शेजारणीही रडू लागल्या, विलास रडला, आणि अग्नी देताना म्हणे ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं तो प्रकाशदादाही रडला. मला वाटलं होतं त्यातलं काही झालं नाही. आत्याची छाती सगळं सोसून नीट चालली. डॉक्टर येऊन नाडी पाहून गेले आणि जाताना तेही पाच मिनिटं बसले.

ऊन वर आल्यावर शेजारून चहा आला, भाकरी आल्या. आत्या बोलू लागली. लहानपणी नामा कापसाच्या ढिगात शिरून झोपायचा आणि सगळं गाव शोधत फिरायचं, ही गोष्ट तिने सांगितली. ती मी आधीही ऐकली होती. पण त्या सकाळी सगळे ऐकायला होते, म्हणून तिने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.

मग मी पिशवीतून नेतेला काढला. तिच्या डोक्यावरून घेतला आणि काठ वर, चेहऱ्याशी आणला. आत्याने त्याचा पदर दोन बोटांत धरून चोळून पाहिला, बाबा पाहायचे अगदी तसा.

"हातचं सूत हाय," ती म्हणाली. "कोनं देल्लं?"

मी तिला अल्माझची सगळी हकिकत सांगितली. रविवारचे नमस्कार, तो तिसरा पेला, पहाटेचं दार, तंबू. इथिओपिया कुठे आहे हे तिने विचारलं नाही. मधेच एकदा विचारलं, "त्या बाईचं कोन कोन हाय?"

"एक मुलगी आहे, दूर शहरात. एक भाऊ आहे, तोही दूर."

चुलीवरचं पाणी केव्हाच उकळून निवालं होतं.

"तिच्याकडं असं काई झालं त?" ती म्हणाली. "तिले सांगाले कोन जाईन?"

"तिथले लोक जातात आत्या. त्यांच्यात ती रीतच आहे."

"थे त जाईनच. मी आपली गोष्ट करून राह्यली. ते आपल्या दुखात आली. आपल्याले जा लागन का नाई?"

माझा तिथला करार पुढच्या वर्षी संपणार होता आणि मी परत जाणार की नाही हे तोवर ठरलेलं नव्हतं. मी म्हटलं, "जा लागन, आत्या."

"मंग मले येळेवर सांगजो," काठ नीट करत आत्या म्हणाली. "मले गाडीत चढाले टाइम लागते."